'आती हूँ'

भुसावळचं घर सोडताना रिक्षात बसता बसता मी "जाते" म्हणाले, तर आईने तिथेच अडवलं. "जाते नाही, येते म्हण." मी येते म्हणाले, तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला. यांची रेल्वेची नोकरी, बदली झाली म्हणून आम्ही बनारसला आलो आणि इथलेच होऊन बसलो.

इथे मी मुलींच्या एका शाळेत समुपदेशक आहे. पोरींशी कसं बोलावं हे शिक्षकांनाही शिकवते. मध्ये तोंड घालू नका, खोदून विचारू नका, त्या आपणहून सांगतील. सगळे माना डोलावतात. माझी स्वतःची लेक मात्र माझ्याशी हिंदीतच भांडते आणि मनातलं शेजारच्या मिश्राइनकाकूंना सांगते.

रामनगरहून बारावीला येणारी पूनम कित्येक महिने माझ्यासमोर नुसती बसून जायची. एका शनिवारी ती बोलू लागली. घरात काहीतरी ठरतंय, एवढं सांगून अडखळली. मी खोदून विचारलं नाही. सुट्टीची घंटा झाली. उरलेलं सोमवारी सांगेल, असं धरून मी तिच्या पाठीवर हात ठेवला, "आती हूँ" म्हणाले आणि घरी आले. हिंदी एरवी चांगली येते मला, पण निघताना तोंडात घरचंच येतं.

सोमवारी ती आली नाही. रामनगरला तिच्या घरी गेले, तर तिच्या आईने दारातूनच वाटेला लावलं. पुढे पूनम दाखला न्यायला आली ती भांगात सिंदूर भरून. मला एवढंही सांगावंसं वाटलं नाही का, असं मी विचारलं.

"आप बोली थीं, आती हूँ," ती म्हणाली. "हम बैठे रहे, मैडम. चौकीदार ताला लगाने आया, तब उठे."

आमच्यात निरोप घेताना तसं म्हणतात, हे मी तिला समजावत राहिले. तिने मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग "अच्छा" म्हणाली आणि नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून गेली.

तुम्ही भुसावळची माणसं फोनवर विचारता, आता घर कुठलं म्हणायचं. तिकडे आले की माझ्या मराठीला तुम्ही हसता, इकडे माझी हिंदी अशी घात करते. तोंडातून निघालेला शब्द आहे तसा पोचतो, ते घर. मला ते कुठेच उरलेलं नाही. आणि पूनमच्या सासरी तिचं कोण ऐकत असेल, हे विचारायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?