पहाटेचा राब

लेकीचं कौतुक मी कधी तिच्या तोंडावर केलं नाही. तोंडावर कौतुक केलं की पोरं डोक्यावर चढून बसतात, असं आमच्याकडे समजतात, आणि मी तर त्यात अट्टल. पण आता ती तिच्या संसारात रमलीय, माझे गुडघे कुरकुरायला लागलेत, तेव्हा एकदाचं सांगून टाकते. मला तिचा फार अभिमान आहे. तिच्या डोळ्याचं दुखणं निघालं त्या साली तर माझी छाती फुटायची बाकी राहिली होती.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. घरची भातशेती, दोन म्हशी, आणि नवरा वाशिंदच्या कारखान्यात कामाला. लेक डी.एड. झाली आणि शिक्षणसेविका म्हणून लागली ती नेमकी डोंगरावरच्या वाडीतल्या शाळेत. घरून तासाभराची चढण. वाडीतली माणसं आपसात त्यांची वेगळी बोली बोलतात. हिनं ती बोली पोरांकडूनच उचलली आणि पहिलीच्या वर्गाला त्यांच्याच बोलीत शिकवायला लागली. घरी जेवताना मध्येच तो एखादा शब्द टाकायची, आणि तिचा बाप घास हातात धरून बघत राहायचा.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. झोडणीच्या दिवसांत खळ्यावर भाताचं कुसळ उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेलं. शेजारणीनं पदराच्या टोकानं ते काढलं, हिनं डोळा धुतला आणि दुसऱ्या दिवशी निघाली शाळेत. आठवडा उलटेस्तोवर डोळा लालभडक झाला आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. मुरबाडच्या डॉक्टरांनी कल्याणला धाडलं, कल्याणवाल्यांनी मुंबईला. सगळा हिवाळा थेंब घालण्यात गेला. जखम भरली, पण बुबुळाच्या मधोमध वण राहिला. डोळ्यात फूल पडलं म्हणतात, तेच. त्या डोळ्यानं तिला माणसाचा आकार दिसे, चेहरा दिसत नसे.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, जूनपर्यंत डोळा शांत राहिला, एकदाही लाल झाला नाही, तर वेगळ्या प्रकारची कडक लेन्स लावून बघू. तिनं भागलं तर भागलं. नाहीतर बुबुळ बदलावं लागेल, म्हणजे मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पारदर्शक पडदा काढून हिला शिवायचा. मग कितीतरी महिने धूळ नको, धूर नको, डोंगर चढणं नको, आणि एवढं करून तो धरेलच याची हमी नाही. शिक्षणसेविकेला एवढी रजा कोण देणार? वाडीवर दुसरं माणूस नेमतील आणि ही कायमची घरी बसेल, ही मला धास्ती. मी म्हटलं, माझं घ्या की. त्या म्हणाल्या, जिवंत माणसाचं घेत नाहीत. त्या दिवसापासून मी देवाकडे नवा डोळा मागितला नाही. कुणाचं तरी मरण मागितल्यासारखं वाटायचं. देवा, जूनपर्यंत हिचा डोळा लाल होऊ देऊ नको, एवढंच मी मागत राहिले.

आणि पुढ्यात चैत्र. आमच्या भागात पेरणीच्या आधी राब भाजतात. जिथं भाताचं रोप काढायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि पेंढा पसरून वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. पण धूर असा, की उन्हाळाभर या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत सगळं धुरकट. डॉक्टरीणबाईंनी तर पहिली ताकीद धुराचीच दिलेली.

घरापुरता बंदोबस्त मी केला. भाकरी चुलीवरून गॅसवर आणली. नवरा म्हणाला, भाकरीला चव नाही. मी म्हटलं, मग कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवा. राब भाजायचाच नाही असं ठरवलं. शेतकी खात्याचा माणूस किती वर्षं सांगत होता, तसे उंच गादीवाफे केले. गाव हसलं. हसू दे म्हटलं. बांधालगतच्या लोकांना घरोघर जाऊन सांगितलं, की पोरगी शाळेत गेली की पेटवा आणि ती परतायच्या आत विझवा. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

राहिली वाडी. मी लेकीला म्हटलं, एवढे दोन महिने रजा टाक. घरात दारं लावून बस. ती शांतपणे डोळ्यात थेंब घालत होती. थेंब घालून झाले आणि मग म्हणाली, "आई, वाडीतली पोरं पहिल्यांदाच चौथीपर्यंत टिकलीत. मी घरी बसले तर तीपण बसतील."

मी हात टेकले. तिच्या बापानं वाशिंदच्या बाजारातून मोठा काळा गॉगल आणला. तो लावून ती सकाळच्या शाळेला निघाली की रस्त्यावरच्या बायका तिला हिरोईन म्हणायच्या. ती पण हात हलवायची.

एका पहाटे मी म्हशींचं करायला गोठ्यात गेले. चांगलं फटफटलंही नव्हतं. सहज डोंगराकडे बघितलं तर वाडीवरून धुराचा लोट निघालेला. माझं डोकंच फिरलं. ज्या बाईनं तुमच्या पोरांसाठी रजा घेतली नाही, ती थोड्या वेळात वर येणार, आणि तुम्ही राब पेटवता? लेक अंघोळीला गेली होती. तिला न सांगताच मी तशीच निघाले. चढताना काय काय बोलायचं ते सगळं मनात जुळवलं. तिखटमीठ लावून जुळवलं.

वर पोचले तर वाडीतल्या बायका राबाच्या कडेनं बसलेल्या, हातात ओल्या डहाळ्या, जवळ पाण्याचे हंडे. डोंगरावर चैत्रातही दव पडतं. दमट पालापाचोळा पेटत नव्हता, नुसता धुमसत होता, आणि बायका फुंकून फुंकून बेजार झालेल्या. कुणाच्याही डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. मी जे जुळवून आणलं होतं ते सगळं ओकले. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग त्यातली एक उंचशी बाई खोकत खोकत उठली. तिची मधली मुलगी माझ्या लेकीच्या वर्गात आहे, हे मला नंतर कळलं.

"आये, बाईंसाठीच तर पहाटे भाजतो," ती म्हणाली. "उन्हाचा भाजला तर पटकन जळतो, पन बाई शाळेत असतान धूर आत जातो. आता भाजला का बाई येयाच्या आत धूर जातो."

तिनं मला बसायला जागा केली आणि पुढचं सांगितलं. माघात तिच्या त्या मुलीच्या डोळ्यात पेंढ्याचं कुसळ गेलं. पाल्याचा रस डोळ्यात पिळायला घेतला होता, तेवढ्यात बाई आल्या. रस फेकून दिला, पोरीला पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरून जीपनं थेट शहापूरच्या दवाखान्यात नेलं. स्वतःच्या डोळ्याला हिरवी पट्टी, एकाच डोळ्यानं वाट शोधत उतरल्या. पोरीचा डोळा आता स्वच्छ आहे.

"तुमाला सांगला नाय बाईंनी?" तिनं विचारलं.

नव्हतं सांगितलं. त्या दिवशी उशीर का झाला विचारलं तर म्हणाली होती, शाळेत काम निघालं. मी तिथंच बसले, एक डहाळी घेतली आणि त्यांच्याबरोबर राब सावरायला लागले. धुरानं माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. धुरानंच लागली होती असं मी त्या बायकांना सांगितलं.

लेक वर आली तेव्हा धूर निवळला होता. शाळेच्या पायरीवर मला राखेनं माखलेली बघून ती म्हणाली, तू इथं काय करतेस गो? मी म्हटलं, चहा प्यायला आले. त्या बायकांनीही मला उघडं पाडलं नाही.

त्या उन्हाळ्यात तिचा डोळा एकदाही लाल झाला नाही. जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी लेन्स लावली. आधी डोळ्याला पाणी सुटलं, मग हळूहळू बसली, आणि लेक समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत खाली खाली गेली. ऑपरेशन तूर्त नको म्हणाल्या. पुढंमागं लागलं तर बघू. खेड्यात एवढा धूर, मग डोळा इतका शांत कसा ठेवलात, असं त्यांनी मला विचारलं. एरवी मी शेजारणीचंही श्रेय सोडत नाही. पण म्हटलं, मी नाही, वाडीनं ठेवला.

आषाढात कळलं, पहाटेच्या दवानं वाडीचे राब नीट भाजलेच नव्हते. रोपापेक्षा तणच जास्त. माझ्या गादीवाफ्यांवर मात्र रोप दाट आलेलं, लावून उरेल एवढं. हसणारेच आता मागायला येत होते. मी कुणाला दिलं नाही. एका रविवारी नवरा आणि मी डोक्यावर रोपाच्या जुड्या घेऊन डोंगर चढलो. लेक छत्री घेऊन बरोबर आली आणि बांधावर उभी राहिली, लेन्स असल्यानं चिखलात उतरायची तिला बंदी होती. त्या उंच बाईनं जुड्या बघितल्या, पण आभाराचं काही बोलली नाही. सरळ लावायलाच लागली. मीपण उतरले.

लावता लावता ती खाचराच्या पार पलीकडच्या टोकाला गेली. तिथं कंबर सरळ केली आणि ओरडून म्हणाली, "बाई, बरा डोळा झाका न् सांगा, कोन हाय मी?"

लेकीनं डाव्या डोळ्यावर तळहात धरला. थोडा वेळ नुसती बघत राहिली. सगळ्या बायका लावायच्या थांबल्या.

"तुमी हसताय," लेक म्हणाली.

आणि ती बाई खरंच हसत होती. मी लगेच खाली वाकून चिखलात रोप खोचायला लागले, त्यामुळे माझा चेहरा काही लेकीला दिसला नाही.