डाव्या हाताची पोळी

जेवायला कसं बसायचं, हे लेकीने मला फोनवर शिकवलं. मी आयुष्यभर वर्ध्याच्या शाळेत पोरांना शिस्त लावली, आणि साठीत ही पाळी माझ्यावर आली. पण वाद घातला नाही. दुबईत नोकरी करता करता तिने मोरोक्कोचा मुलगा पसंत केला होता. आम्ही नको म्हणालो, तर दोन वर्षं फोनवर "बरी आहे" यापलीकडे तिने शब्द काढला नाही. शेवटी आम्हीच नमलो. आता तो मुलगा आईला घेऊन वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आमच्या घरी जेवायला येणार होता.

"त्याच्या आईनं नाई म्हटलं तं मी लग्न नाई करणार," लेक म्हणाली. "अन् मंग मले दुसरं कोनाचं स्थळ दाखवू नका."

ती बोलते तसं करते. म्हणून तिने सांगितलेलं सगळं मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. यजमानाने पहिला घास घ्यायचा, मग पाहुणे जेवतात. भरपूर आग्रह करायचा. डाव्या हाताने कुणाला काही द्यायचं नाही, तो अपमान. त्यांच्या घरी सगळे एकाच मोठ्या ताटात जेवतात, जो तो आपल्या समोरचं खातो, हेही तिने सांगितलं.

"ते आपल्या इथं नाई जमणार," मी म्हटलं. उष्टं ते उष्टं.

लेक आदल्या दिवशी दुबईहून आली. त्या दिवशी वांग्याच्या भाजीत मीठ घातलं की नाही, तेच आठवेना. मुलगा आईला घेऊन आला. बाईंनी न सांगता दारात चपला काढल्या आणि सतरंजीवर ऐसपैस बसल्या. एरवी मी वाढते आणि मागून जेवते, पण आज मलाही पंगतीला बसावं लागलं. मी घास घेतला, मग त्यांनी घेतला. तीन बोटांनी पोळी तोडून त्या चवीने जेवत होत्या. आमचे हे मान खाली घालून वरण कालवत होते. जमतंय, असं मला वाटलं.

तेवढ्यात बाईंची पोळी संपलेली दिसली. माझा उजवा हात रश्शाने भरलेला होता. खरकट्या हाताने वाढायचं नाही, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. मी डाव्या हाताने पोळी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

लेकीचा चेहरा उतरला. बाईंचा हात ताटावरच थांबला. एका पोळीपायी माझी पोर जन्मभर एकटी राहील, एवढंच डोक्यात येत होतं.

"त्याईले सांग," मी लेकीला म्हटलं आणि उजवा हात पुढे केला. "हा उष्टा हाय. पाव्हण्याले उष्ट्या हातानं कसं वाढू?"

लेकीने मुलाला सांगितलं, मुलाने आईला. बाई माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मी दोन्ही हात तसेच पुढे धरून ठेवले. मग त्यांनी पोळी घेतली, तुकडा तोडला, आपल्या ताटातली वांग्याची मऊ फोड त्यात गुंडाळली आणि जेवत्या बोटांनी माझ्यापुढे धरली.

मी माझ्या आईचंही उष्टं कधी खाल्लं नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं, तर ते वरणच कालवत होते. मी तो घास तोंडात घेतला.

बाई मुलाशी काहीतरी बोलल्या. त्याने लेकीला सांगितलं, आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. दोन वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आई," ती माझ्याकडे वळली, "त्या म्हनतात, पुढच्या महिन्यातच लग्न करू अन् मले तिकडं मोरोक्कोलेच घेऊन जातो, कायमचं."

इतके दिवस त्या नाही म्हणतील म्हणून मी भीत होते. हो म्हटलं तर पोर खरंच कायमची जाईल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. तो घास काही केल्या खाली उतरेना.