नाई-तं साहेब

रामटेके साहेबांना लग्नाची पत्रिका द्यायला गेलेला माणूस पस्तावून परत यायचा. पत्रिका नीट वाचून ते विचारायचे, "वरात वेळेवर नाई आली तं?" थांबू, असं सांगितलं की पुढचा प्रश्न तयार, "आनि तवापर्यंत जेवन खपलं तं?" कॉलनीत त्यांचं नाव नाई-तं साहेब पडलं ते असं. हळूहळू लोकांनी त्यांना पत्रिका देणंच सोडलं.

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरजवळच्या आमच्या कोळसा खाणीत पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्या आगेमागे साहेब आले. मूळचे ब्रह्मपुरीकडचे. मुंबईत शिकलेले. आईवडील गेलेले, लग्न केलेलं नाही. प्रोग्राम दुसरेच लिहिणार होते. यंत्रानं कधी काय करायचं, हे माणसांना विचारून साध्या वाक्यांत मांडून देणं एवढंच साहेबांचं काम. ती वाक्यं मी टाईप करायचे. "मशीनले अंदाज नसते, बाई," ते म्हणायचे. "आपन सांगतलं नाई, तं ते गप बसते." एकेक कागद पुन्हापुन्हा बदलून आणायचे. माझी बोटं दुखायची, पण मला ते आवडायचे.

सुरुवात बत्तीघरापासून झाली. खाली उतरणारा प्रत्येकजण तिथून टोपीवरची बत्ती घेतो आणि वर आल्यावर परत करतो. साहेब बत्तीघरातल्या रहीमचाचांसमोर स्टूल टाकून बसले.

"बत्ती परत नाई आली तं?"

"कोनी घरी घेऊन गेला असन."

"नाई नेली असन तं?"

"मंग त्याची बायको येते ना बोंबलत!"

"बायको नसन तं?"

चाचांनी हातातली बत्ती खाली ठेवली. 

साहेबांनी वाक्य लिहिलं: प्रत्येक माणूस वर आल्याची नोंद होईपर्यंत पाळी बंद होऊ नये.

मॅनेजर भडकले. पाळी बंद झाल्याशिवाय उत्पादनाचा रिपोर्ट जाणार नाही; एखाद्या विसरभोळ्यापायी सगळ्यांनी ताटकळत बसायचं का? एरवी मान खाली घालून बोलणारे साहेब त्या दिवशी जागचे हलेनात. "ज्याची वाट पाहाले घरी कोनी नाई, त्याची वाट मशीननं पाह्यली पाहिजे, सर." बरीच हुज्जत झाली आणि वाक्य राहिलं, पण एका अटीवर. एकदा जरी उगाच खोळंबा झाला, तर वाक्यही जाईल आणि रामटेकेही जातील.

कॉम्प्युटरवर मलाच बसवलं होतं. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. एका दुपारी पाळी बंद करायला गेले, तर यंत्र ऐकेना. पडद्यावर ओळ आली, एक माणूस खाली आहे. नाव चैतूचं. धानोऱ्याकडच्या जंगलातला हा माणूस मजुरांच्या खोल्यांच्या लाईनीत एकटाच राहायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"गावाले पळाला असन रोवन्यासाठी," मुकादम म्हणाला. "वर आला म्हनून टाका ना, बाई."

मॅनेजरांची नजर साहेबांवर रोखलेली होती. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी ते म्हणाले, "पयले उतरून पाहा."

चैतू खाणीच्या छतातून कोसळलेल्या दगडाखाली सापडला. जीव केव्हाच गेला होता.

त्याला वर आणलं आणि मी पुन्हा यंत्रासमोर बसले. यंत्राला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, खाली आणि वर. मी साहेबांना हळूच म्हणाले, "मेला तं, हे तुम्ही लिवलंच नाई."

"लिहाले बसलो होतो, बाई," ते म्हणाले. "हात नाई चालला."

मग त्यांनीच 'वर आला' असं टाकायला सांगितलं. पाळी बंद झाली.  चैतूच्या गावी जीपमधून त्याच्यासोबत साहेबच गेले. दुसरं जाणारं कोणी नव्हतं.

वाक्य काढायची गोष्ट मॅनेजरांनी पुन्हा काढली नाही. काही महिन्यांनी साहेबांची रीतसर बदली झाली. निघायच्या दिवशी त्यांनी एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं: माणूस मेला असला, तरी त्याला वर आणेपर्यंत पाळी बंद होऊ नये.

टाईप करताना मला अक्षरं दिसेनात. ते शेजारी उभे होते. सवयीनं म्हणाले, "अजून काई राह्यलं का, बाई?"

मी विचारलं, "साहेब, तुमची वाट पाहाले कोन आहे?"

 ते हसले.

"मी कुठी खाली उतरतो, बाई?" असं म्हणून त्यांनी बॅग उचलली आणि बसस्टँडकडे चालू लागले.