रिपेरीले टाकलेली मशीन

मशीनवाल्या चार बाया एका जागी बसल्या की सासू-सुनेचं मागं पडते अन् नारानभाऊ मिस्त्रीचं निघते. आमच्या गुडीहत्नूरात कोनाची शिलाई मशीन बिघडली की आदिलाबादहून तोच येते, दुसरा कोनी येतच नाही. म्हनून आमच्या गल्लीत चिंध्या कमी अन् त्याचे किस्से जास्त.

शेजारच्या कौसल्याबाईच्या मशीनचा दोरा सारखा तुटे. नारानभाऊनं मशीन उघडली, चहा पिला, बंद केली. मंग ती जागची हालेच ना! कौसल्याबाई भांडाले उठली, तर हा थंडपनं म्हने, "दोरा तुटते म्हनत होत्या ना? आता तुटते काय?"

तिच्या नंदेची मशीन जोडून झाली अन् खाली इस्क्रू उरले. हे काऊन उरले, तिनं इचारलं. "कंपनीवाले जास्तीचेच लावतेत बाई." बिचारीनं ते डब्बीत जपून ठेवले. अजून हायेत.

आमी लय हसलो तवा. मंग माझी पाळी आली.

माझी मशीन बाबानं लग्नात देल्लेली. ती टाके सोडाले लागली, अन् तेबी शाळा उघडाच्या तोंडावर. गावच्या शाळेचे युनिफॉर्म माझ्याकडंच असतेत. वर्षातलं मोठं काम तेच, बाकी ब्लाऊज-फॉलवर काय घर चालते! नारानभाऊनं स्टँड इथंच ठेवला, वरची मशीन माझ्याच चादरीत बांधून गाडीवर घातली. दोन दिवसात आनतो म्हने.

आठवडा गेला. फोन केला, तर पार्ट इथं भेटत नाही, भैंशाच्या बाजारात चाललो म्हने. त्याच दिवशी मावसबहिनीच्या पोरीच्या लग्नाले मीबी भैंशालेच होती. पंगतीत समोर हाच! जिलबी वाढून घेऊन राह्यला. लाज तर नाहीच. "पार्टासाठीच आलो ताई, दुकान बंद हाये." बाहेर सारा बाजार उघडा होता.

मंग पार्ट मंचेरियलहून येनार होता. मंग फोन उचलनंच बंद. इकडं हेडमास्तराचा रोज निरोप. शेवटी तेच दारात आले. "लक्ष्मीबाई, पोरं काय उघडी बसवू? आदिलाबादच्या एका बाईले काम देल्लं." मी बेतून कापून ठेवलेल्या कापडाचं गाठोडं शिपाई उचलून घेऊन गेला. त्यावर खडूच्या खुना माझ्याच होत्या. रागाचं रडू येते ना, ते आलं. त्या दिवशी मी जेवली नाही.

मंग आदिलाबादची बस धरली. जशी असन तशी माझी मशीन द्या, एवढंच म्हनाचं होतं. दुकानाले कुलूप होतं. घर मागंच. अंगनातच आवाज आला, अन् तो आवाज मी झोपीतबी ओळखन.

आत नारानभाऊची बायको शिवत बसली होती. मशीनवर माझ्या दसऱ्याच्या कुंकवाचा ठिपका. खाली माझी चादर अंथरलेली. मांडीवर निळं कापड, त्यावर माझ्या खडूच्या खुना.

मले गिऱ्हाईक समजून तिनं बसाले पाट देल्ला. "लय गोड चालते हो," मशीनवर हात फिरवून म्हने. "कोन्या बाईची हाये, काय माहीत. रिपेरीले टाकून गेली, अन् न्याले काही येत नाही."