पाणथरीने अडवलेला सामना

"फायफर," डॉक्टर म्हणाल्या. रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या स्क्रीनवर होता. समोर मी बसले होते, पण त्या बोलत होत्या माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मुलाशी, निषादशी.

फायफर म्हणजे इंग्रजीत ग्लँड्युलर फीव्हर. विषाणूमुळे होतो, लाळेतून पसरतो. घसा सुजतो, मानेत गाठी येतात आणि थकवा आठवडेच्या आठवडे अंगातून जात नाही. त्यावर औषध नाही. नेदरलँड्समध्ये शाळा-कॉलेजच्या पोरांना हा इतका होतो, की शेजारीपाजारी "हो, मलाही झाला होता" असं कांजिण्यांसारखं सांगतात. त्यामुळे मी जरा सैलावलेच होते. तेवढ्यात डॉक्टर पुढे बोलल्या.

"तुझी स्प्लीन हाताला लागतेय. डावीकडे, बरगड्यांखाली. सुजलेली असताना तिथे जोराचा मार बसला तर ती फुटू शकते, पोटात रक्तस्राव होतो. म्हणून सध्या चालणं-फिरणं ठीक, पण धक्काबुक्कीचा खेळ अजिबात नाही. तू काय खेळतोस?"

"आइस हॉकी."

"कुठल्या जागी?"

"डिफेन्स."

डिफेन्सवाला अंगाने धडका देतो आणि खातो; डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

स्प्लीन म्हणजे प्लीहा. आमच्या इचलकरंजीकडे पाणथरी म्हणतात. माझा सतरा वर्षांचा मुलगा व्यावसायिक संघाच्या दारात उभा होता आणि त्याला त्या दारात अडवलं कुणी, तर पाणथरीने!

आधी आमच्याबद्दल सांगते. माझे वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी जिथेतिथे सांगते, इथेही सांगितलं. पुढे इंजिनीयर झाले, नोकरीने आइंडहोवनला आणलं आणि आता आम्ही शेजारच्या न्यूनेन गावात राहतो. आमच्या घराण्यात बर्फ पाहिलेला पहिला माणूस मी आणि बर्फावर पळणारा पहिला निषाद. सात वर्षांचा असताना वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला बर्फाच्या रिंकवर गेला, तो अजून तिथून परत आलेला नाही.

जानेवारीत त्याच्या क्लबच्या मुख्य संघाचा कोच योरिस याने त्याला बोलावलं. हा संघ नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सामाईक लीगमध्ये खेळतो. योरिस म्हणाला, "मार्चमध्ये घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात तुला उतरवतो. पुढच्या मोसमासाठी एका तरुण डिफेंडरची जागा आहे. दोघांत निवडायचंय."

एक जागा, दोन पोरं. दुसऱ्याने संघात चार सामने आधीच खेळून दाखवले होते. निषादला मिळणार होता हा एकच.

घरात दिवाळी! नवऱ्याने, म्हणजे मिलिंदने, ऑफिसात पेढे वाटले. पाठीवर आमचं आडनाव छापलेली जर्सी आली, ती मी सोफ्यावर पसरून ठेवली आणि दोन दिवस कुणाला तिथे बसू दिलं नाही. आमच्या ढोल-ताशा पथकातला केतन म्हणाला, "वहिनी, गणपतीत वाजवतो ते काय, खरं तिथे वाजवायला पाहिजे!" त्याने क्लबला विचारलं. क्लबने उलट विचारलं, ढोल केवढा मोठा? केतनने फोटो पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "चालेल. सगळ्यात वरच्या रांगेत बसा."

आणि नेमका त्याच सुमाराला निषादचा घसा धरला.

आधी मला वाटलं, थंडी आणि दुप्पट सराव. पोरगा शाळेतून यायचा आणि एक बूट काढून दुसरा काढायच्या आधीच जिन्यात बसून झोपायचा. टॉन्सिलवर पांढरे डाग आले. आम्ही हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, आठवड्याने कळवा.

इथल्या मराठी लोकांना पुढचं सांगायची गरज नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात एक कपाट असतं, त्यात भारतातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या असतात. पोराचा सामना तोंडावर आलाय आणि ही बाई पाणी प्यायला सांगतेय! मी अमॉक्सिसिलिन काढलं आणि सुरू केलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी निषाद आंघोळीहून आला तो गळ्यापासून पोटरीपर्यंत लालेलाल. पुन्हा डॉक्टर. त्यांनी पुरळ पाहिलं आणि सरळ त्यालाच विचारलं, "कुठलं औषध घेतलंस?"

"आईने इंडियाची गोळी दिली," चिरंजीव म्हणाले.

तर ही गोष्ट लक्षात ठेवा. फायफर असताना अमॉक्सिसिलिन दिलं तर असं पुरळ पुष्कळांना उठतं. त्या पुरळावरूनच डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. गोळ्या बंद केल्यावर पुरळ गेलं. ते कपाट मी त्याच रविवारी रिकामं केलं आणि पट्ट्या औषधांच्या दुकानात परत नेऊन दिल्या. तुम्हीही द्या.

इचलकरंजीला फोन केला. माझी आई शाळेत गेलेली नाही, पण तिने मधेच तोडलं. "पाणथरी वाढली व्हय? मग पोटाला धक्का नको बघ त्येच्या. तुझ्या मामाला हिवतापात वाढलेली, तवा आम्ही त्याला सायकलवरबी बसू दिलं न्हवतं."

"अगं, पण सामना आहे त्याचा."

"मग सामन्याला सांग की थांबायला."

पुढचे आठवडे थांबण्याचेच होते. पहिले पंधरा दिवस निषाद सोफ्यावर, अंगावर ती जर्सी पांघरून. गिळताना दुखायचं म्हणून मऊ भात, ताक, गार केलेली रव्याची खीर. संघाचे सामने लॅपटॉपवर लागायचे, आणि त्या सोफ्यावर मी पहिल्यांदा आइस हॉकी खरी शिकले. दहा वर्षं रिंकच्या कडेला डबे घेऊन बसले होते, पण नजर कायम आपल्या पोरावर. आता तो मैदानात नव्हता, त्यामुळे खेळ दिसायला लागला.

यात कुणी सलग खेळत नाही. मिनिटभर जीव तोडून पळायचं, की बाकाकडे यायचं आणि दुसऱ्याने उतरायचं. त्या एका फेरीला शिफ्ट म्हणतात. वेळेवर बाहेर येणं हीसुद्धा कला आहे. निषाद स्क्रीनकडे बघून पुटपुटायचा, "दमला तो, बोलवा त्याला, बोलवा." आणि खरंच, पुढच्या क्षणी त्याच माणसाच्या हातून पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, निसटायचा! मी ओरडायचे, "अरे, तुला कसं कळलं?"

"त्याचे गुडघे बघ ना आई. रुस्तिख." रुस्तिख म्हणजे शांत राहा. हे तो मला मराठीत कधी सांगत नाही.

मार्च आला. ताप केव्हाच गेला होता, भूक परतली होती, सायकल सुरू झाली होती. सामन्याच्या चार दिवस आधी हॉस्पिटलात एको ठेवली, म्हणजे पोटाची सोनोग्राफी. वेटिंग रूममध्ये कॉफीचं मशीन, माशांची टाकी आणि मी, तिघेही गुरगुरत होतो, असं निषादचं म्हणणं.

आत जाताना स्पोर्ट्स डॉक्टरांनी त्याला विचारलं, "आई आत यायला हवी आहे का?" इथे सोळा वर्षं झाली की उपचाराचा निर्णय मुलाचा. आईबाप असतात, पण बाजूला. हे मला माहीत होतं. तरी कानाने ऐकणं वेगळं.

निषाद म्हणाला, "येऊ दे. पण बोलेन मी."

डॉक्टर म्हणाले, "सूज बरीच उतरली आहे. पण अजून मोठ्या बाजूलाच आहे. तू उंच आहेस, कदाचित तुझी मुळातच मोठी असेल. आधी कधी मोजलेली नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. धोका आता कमी आहे, शून्य नाही. माझा सल्ला, आणखी काही आठवडे थांब. पण आधी तू सांग, तुला काय वाटतं?"

माझ्या तोंडात दोन वाक्यं एकदम आली होती. एक, "नको रे बाळा." आणि दुसरं, खोटं कशाला बोलू, "कदाचित मुळातच मोठी असेल असं ते म्हणतायत ना!" पथकाची सत्तावीस तिकिटं काढून झाली होती. ती एकच जागा होती. मी माझ्या मफलरचं टोक दातात धरून बसले.

निषादने स्क्रीनवरचं सोनोग्राफीचं चित्र एकदा पाहिलं. मग म्हणाला, "समोरचा मला भिंतीवर आपटायला येणार. तेव्हा माझा हात आपोआप इथे जाणार," त्याने डावी बाजू धरून दाखवली. "मी पोट सांभाळत बसलो तर गोल कोण सांभाळणार? नाही खेळत मी."

डॉक्टरांनी मान हलवली. गाडीत बसेपर्यंत तो ठीक होता. सीटबेल्ट लावला आणि रडला. मी गाडी सुरू केली नाही. पार्किंगमध्ये तसेच बसलो. मी सल्ला दिला नाही, हा माझ्या आयुष्यातला विक्रम असावा.

संध्याकाळी त्याने स्वतः योरिसला फोन केला. योरिसने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक. शनिवारी ये. दार सांभाळ."

खेळाडूंच्या बाकाला बर्फाकडे उघडणारं छोटं दार असतं. दमलेला डिफेंडर आत येतो, ताजा बाहेर जातो. ते उघडायला एक माणूस लागतो. माझ्या पोराला ते काम मिळालं.

मी केतनला सांगितलं, निषाद खेळणार नाही. तो म्हणाला, "मग काय झालं? तिकिटं काढलीत वहिनी. मिरवणूक निघाली की निघाली."

शनिवारी वरच्या रांगेत भगवे फेटे, खाली बर्फ. पथकातल्या अर्ध्या लोकांनी जन्मात हॉकी पाहिली नव्हती. कधी वाजवायचं ते त्यांना कळेना. तेवढ्यात निषादने पहिल्यांदा दार उघडलं. केतन ओरडला, "आपला पोरगा! वाजव!" आणि ताशा कडाडला. त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. दार उघडलं, की ताशा. आमच्या खालच्या रांगेतले एक डच आजोबा वळून मला म्हणाले, "तुमच्यात गोल झाला की काय करतात?"

थोड्या वेळात ते कळलंच! दोन-दोन बरोबरी होती. मी बाकाकडे पाहत होते. निषादचे ओठ हलत होते, तेच सोफ्यावरचे शब्द असणार. दमलेल्या डिफेंडरला त्याने हाक मारली, दार उघडलं. तो आत, ताजा बाहेर. त्या ताज्या गड्याने तिसऱ्या पावलाला पक हिसकावला आणि पुढे सरकवला. गोल! ढोल असा उसळला की रिंकचं पत्र्याचं छप्पर थरथरलं. मिलिंद डच आजोबांच्या गळ्यात, मी केतनच्या बायकोच्या. खाली निषाद दाराची कडी धरून दोन्ही पायांवर उड्या मारत होता. डावी बाजू धरायची त्याला आठवण नव्हती.

सामना संपल्यावर योरिस आमच्याकडे आला. निषादला म्हणाला, "चार वेळा तू माझ्या आधी हाक मारलीस. वाईट नाही."

वाईट नाही ही इथली सर्वांत मोठी शाबासकी. यावर आणखी काही मिळत नाही. पण मिळालं. मे महिन्यात ती जागा निषादला मिळाली. योरिस त्याला एवढंच म्हणाला, "सराव मी पाहिलाच होता, आणि खेळ कसा वाचतोस ते बाकावर पाहिलं." दुसऱ्या मुलाचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. तो आता आमच्याकडे पोहे खायला येतो.

ज्यांच्या घरी आज कुणी फायफरने झोपून आहे, त्यांना एवढंच सांगते. थकवा खोटा नसतो, पोराला आळशी म्हणू नका. घरातल्या गोळ्या देऊ नका. पोटात डावीकडे अचानक जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि डॉक्टर मुलाशी बोलत असतील तर बोलू द्या. आपला मुलगा काय विचार करतो, हे मला त्या खोलीत कळलं, कारण मी मफलर चावत होते. डॉक्टरांनी त्याला विचारलं, योरिसने त्याच्या हाती दार दिलं, या दोघांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

जूनमधल्या एकोत डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक, खेळ. ऑक्टोबरमध्ये मोसमाचा पहिला सामना होता. पथक वरच्या रांगेत. निषाद बाकावर, पाठीवर आमचं आडनाव. आई इचलकरंजीहून व्हिडिओ कॉलवर. "कुठाय गं? समदी सारखीच दिसत्यात."

"थांब, उतरेल आता."

योरिसने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि दार स्वतः उघडलं. निषाद बर्फावर गेला. काही क्षणांत एका धिप्पाड बेल्जियन गड्याने त्याला डाव्या बाजूने भिंतीवर असा आपटला, की रिंकच्या कडेची काच थरारली. फोनमधून आई ओरडली, "अगं, पाणथरी!"

निषादचा हात पोटाकडे गेला नाही. दोन्ही हात काठीवर होते, आणि काठीखाली पक.

"बरी झाली, आई," मी म्हटलं. माझा आवाज तिला ऐकू गेला नसावा. ताशा सुरू झाला होता.