कप्तानबाई

आमची वहिनी परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसे. पण बोटीवर चढणाऱ्या माणसाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा मात्र ती स्वतः ओढून बघायची, मग तो दादाचा मित्र असो की तालुक्याचा साहेब. त्या जॅकेटचा एक पट्टा दोन पायांमधून घ्यावा लागतो. पुरुषांना त्याची भारी लाज. पट्टा तसाच लोंबता ठेवून मंडळी बोटीकडे निघायची. वहिनी वाटेत उभी राहून म्हणायची, "मी तिकडे तोंड करते. तुमी बांधून घ्या." आणि खरोखरच धरणाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बक्कल बसल्याचा आवाज आल्याशिवाय वळायची नाही. धरणावरच्या लोकांनी तिचं नाव कप्तानबाई ठेवलं ते यावरूनच.

दिग्रसला माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, कृषी केंद्र आहे. एका वर्षी हंगाम बरा गेला आणि त्याच्या डोक्यात बोट शिरली. जुनीच, फायबरची, मागं मशीन आणि मशीनला धरायचं हँडल. रविवारी घरच्यांना, पाहुण्यांना धरणात फिरवायचं, एवढीच हौस. मग कळलं की हौसेची बोट असली तरी हँडल धरणाऱ्यानं सुरक्षेचा कोर्स करायचा, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र जवळ ठेवायचं. त्याशिवाय बोट पाण्यात घालता येत नाही. दादानं स्वतःचं आणि माझं नाव दिलं. ऐन वेळी त्याचा गुडघा सुजला. वहिनी माझ्यासोबत आली होती ती नुसती डबा घेऊन. शिकवणारे सर कोकणातले होते. ते म्हणाले, बाई, जागा रिकामीच आहे, बसा. ती मागच्या खुर्चीवर बसली आणि उठली ती पास होऊनच.

मी नापास झालो. मी शाळेत शिकवतो, लेखी पेपर मला काय अवघड. पण शेवटी जॅकेट घालून, अंगावरच्या कपड्यांनिशी धक्क्यावरून पाण्यात उडी मारायची होती. मी कठडा धरला तो सोडलाच नाही. सर्दी झाल्याचं सांगितलं. वहिनीनं पदर कमरेला खोचला, पाण्याला नमस्कार केला आणि गेली. वर आली तेव्हा तोंडावरचे ओले केस बाजूला सारत सरांना विचारत होती की अजून एकदा मारू काय.

घर, दुकान, वावर, सगळं दादाच्या नावावर होतं. हा एक कागद तिच्या नावाचा. तिनं त्याला प्लास्टिक लावून घेतलं आणि अंगाऱ्याच्या पुडीशेजारी पर्समध्ये ठेवलं. कोर्समध्ये सांगितलेलं ती अक्षरशः पाळायची. निघण्यापूर्वी काठावरच्या भजेवालीला सांगून जायची की आम्ही त्या टेकडीपर्यंत जातो, दिवस कलला तरी दिसलो नाही तर माणसं जमव. जॅकेटची शिटी तर तिनं घरीही आणली. दादा माडीवर हिशेबात बुडालेला असला की जेवायला बोलवायला शिटी. दादा चिडायचा आणि खाली यायचा. कोणी म्हटलं की घरचीच तर माणसं आहेत, कशाला एवढे सोपस्कार, की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "पाण्याले नातं समजत नाही."

मला मात्र त्या बोटीत बसायची लाज वाटू लागली. दोन धडधाकट भाऊ पुढं बसलेत आणि मागं बाई हँडल धरून आहे, हे पाहून काठावरचे लोक काहीबाही बोलायचे. मग मी एक युक्ती काढली. काठापासून दूर गेलं की हँडल आपल्या हातात घ्यायचं, परतताना तिला द्यायचं. सरपंच बाई निवडून येते आणि खुर्चीवर नवरा बसतो, तसलाच प्रकार. आमच्याकडं त्यात कोणाला वावगं वाटत नाही. तिला वाटायचं. ती म्हणायची, "भाऊजी, कागद माझा अन् हात तुमचा, हे बरं नाही." मी हसण्यावारी न्यायचो.

पुतणीचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात व्याही आणि विहीणबाई मारेगावहून आले. दादानं धरणावर जेवण ठेवलं. तो काठावर स्वयंपाकाकडं थांबला आणि आम्ही दोघं पाहुण्यांना घेऊन निघालो. वहिनीनं व्याह्यांनाही पट्टा बांधायला लावला. ते लाजले, हसले, आणि बोटीत बसता बसता मला म्हणाले, "काय हो गुरुजी, तुमाले नाही येत काय चालवता?"

एवढंच. चेष्टाच होती ती. पण मला ती झोंबली.

धरणात बुडालेल्या जुन्या गावातल्या मारुतीच्या देवळाचा कळस पाणी उतरलं की वर दिसतो. गव्हा-हरभऱ्याला कालव्यातून पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे कळस चांगला हातभर उघडा पडला होता. पाहुणे तिकडं तोंड करून बसले. त्यांच्या पाठीमागं मी वहिनीच्या हातातलं हँडल धरलं. कळसापाशी पोचलो की पाहुणे वळतील आणि मला बघतील, असा माझा हिशेब. वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, आडवं नका घेऊ. पाणी उतरलं हाय, खाली बाभळीचे खुंट हायेत." मी दबक्या आवाजात म्हटलं, सोयऱ्यांसमोर शोभा करू नका, गुमान बसा. मशीनच्या आवाजात ते पुढं ऐकू गेलं नाही.

खुंट लागला तेव्हा बोट अशी उसळली की विहीणबाई बोटीच्या कडेवर आदळून पाण्यात गेल्या. जॅकेटनं त्यांना लगेच वर आणलं. वहिनीनं मशीन बंद केलं, त्यांना खांद्याच्या पट्ट्यांना धरून आत ओढलं, कोपर लोंबत होतं ते आपल्या पदरानं बांधलं आणि हँडल हातात घेऊन बोट काठाला आणली. मी काय करत होतो? बसलो होतो. काठावरच्या सगळ्यांनी जाताना तिला हँडलवर पाहिलं होतं, येतानाही तिलाच पाहिलं. ज्या दोघांनी मला बघावं म्हणून मी हा उद्योग केला, त्यांनी मला पाहिलंच नाही.

विश्रामगृहाच्या ओसरीवर चौकशीला एक अधिकारी आले. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं करून एकच विचारलं, धडक बसली तेव्हा हँडल कोणाच्या हातात होतं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं मला वेळ दिला, हे मी इतक्या वर्षांत विसरू शकलो नाही. प्रमाणपत्र नसताना बोट चालवली, बाईमाणूस जायबंदी झालं. माझ्यावर गुन्हा दाखल होणार, शाळेतून निलंबन होणार, हे सगळं मला लख्ख दिसत होतं. मी म्हणालो, "वहिनींच्या."

ती म्हणाली, "हो जी."

प्रमाणपत्र रद्द झालं. तिनं ते पर्समधून काढलं, पदरानं पुसलं आणि मगच त्यांच्या हातात दिलं.

या गोष्टीवर ती माझ्याशी एकदाच बोलली. मी एका संध्याकाळी दादाकडं गेलो होतो, ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, नोकरीचं मले समजते. तुमी मले विचारलं असतं तर मी आपणहून म्हटलं असतं, माझ्या हातात होतं म्हणून. विचारलं नाही तुमी." मी शेंगा सोलू लागलो. तिनं एक सूप माझ्याकडं सरकवलं.

बोट विकली. शिटी वाजायची थांबली. दादा जेवायला आपला आपण खाली यायचा. कप्तानबाई हे नाव मात्र गावात राहिलं, फक्त म्हणणाऱ्यांचा सूर बदलला. बाईच्या हाती बोट दिली की असंच होते, हे मी हातात चहाचा कप धरून कितीदा तरी ऐकलं. पुतणीच्या लग्नात विहीणबाई वाकडं राहिलेलं कोपर दाखवून सगळ्यांना हसत सांगत होत्या की वरातीच्या गाडीची चावी तेवढी आमच्या ईनबाईंच्या हाती देऊ नका. वहिनीही हसली. मी पंगतीत जिलेबी खात होतो आणि जिलेबी मला गोड लागत होती. हे लिहायला जड जातं, पण लागत होती.

वहिनी गेल्या पौषात गेली. दोन-तीन दिवसांचा ताप, यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, आणि परत आणलं ते स्मशानात न्यायलाच. शुद्धीत होती तेव्हा मी उशाशी बसलो होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी तिला सलाईन दुखतं का एवढंच विचारलं.

तेरवीला पुतणी तिच्या शाळकरी मुलीला घेऊन आली होती. अंगणात पंगत बसली. विहीणबाई माझ्या समोरच्या ओळीत होत्या. वहिनीबद्दल सगळे चांगलंच बोलत होते, त्याही बोलल्या, माणूस लाखाचं होतं, म्हणाल्या, आणि मग सवयीनं म्हणाल्या, "हात माझा तोडला तेवढा सोडला तर."

लोक हलकेच हसले. मी पत्रावळीवरून हात उचलला. "बोट मी चालवत होतो, ईनबाई. वहिनीच्या हातून मी हँडल घेतलं होतं. खुंट हायेत म्हणून त्या सांगत होत्या."

दादा वरण वाढत होता. त्याचा हात थांबला नाही. त्यानं माझ्या भातावर वरण घातलं आणि पुढच्या माणसाकडं सरकला. तेव्हा मला कळलं की त्याला माहीत होतं, आणि किती दिवसांपासून ते विचारायची हिंमत मला आजही झालेली नाही.

व्याही काहीतरी बोलायला गेले, पण विहीणबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. मला वाटलं, आता ह्या मला बोलतील. बोलाव्यात, असं वाटत होतं. त्या ओरडल्या नाहीत, पानावरून उठल्या नाहीत. वाकडा हात त्यांनी पदराखाली घेतला.

"नातीले म्या कधी त्यांच्यापाशी मुक्कामाले ठेवलं नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या. "भ्यावच वाटे मले. दर सुट्टीत मागत होत्या त्या."