माझं गाव समुद्रात आहे

आज वर्सोव्याला सुकत घातलेल्या मासळीचा वास आला आणि आमिना आठवली. ती मालदीवची. नवऱ्याच्या नोकरीमुळे अंधेरीला आलेली, शेजारणींशी बोलता यावं म्हणून माझ्या मराठीच्या वर्गाला यायची. तिचा डबा उघडला की असाच वास सुटायचा.

त्या दिवशी धडा होता ‘माझा देश’. फळ्यावर मी डोंगर, नदी, समुद्र असे शब्द लिहिले होते. आमिना उठून उभी राहिली.

“आमच्याकडे डोंगर नाही. नदी नाही. खूप खूप बेटं आहेत,” ती हसत म्हणाली. मग एकेक शब्द जुळवत, “माझं गाव समुद्रात आहे.”

“समुद्रात नाही गं, समुद्राकाठी,” मी सवयीने सुधारलं.

“नाही ताई. आधी समुद्राकाठी. मग मोठी लाट आली. आता समुद्रात.”

खडू धरलेला हात तसाच फळ्यावर राहिला.

“संपलं, त्याला काय म्हणायचं, ताई?” तिने विचारलं. ‘आहे’चा भूतकाळ मी अजून शिकवलाच नव्हता.

“होतं,” मी कसंबसं म्हणाले.

“माझं गाव समुद्राकाठी होतं.”

बरोबर वाक्याला मी नेहमी ‘शाब्बास’ म्हणायचे. ती त्याचीच वाट पाहत माझ्याकडे बघत राहिली. मी वळून तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं.

किती सहज सांगितलं हिने, असं तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, तिच्याकडे तेवढेच शब्द होते.